बाइटची पायली, बिटांचा विसर्ग

पावसाळा सुरू झाला की भोर आणि वेल्हे ही दोन नावं पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज दिसायला लागतात. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण जिभेची सवय लवकर जात नाही.) कारण अर्थातच धरणं. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत... इतकं भरलं, इतकं सोडलं. या बातम्यांत दोन प्रकारचे आकडे असतात. धरणात पाणी किती आहे ते टीएमसीत, आणि दरवाज्यातून किती चाललंय ते क्युसेकमध्ये. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. पहिला साठा, दुसरा विसर्ग.

गंमत अशी की नदीकाठच्या माणसाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. दहा हजार क्युसेक सोडले म्हटल्यावर 'म्हणजे दहा हजार टीएमसी का हो?' असं भोरच्या बाजारात कुणी विचारणार नाही. हिशोब करायचाच तर तोही सोपा आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. दहा हजार क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं तर ८६ कोटी ४० लाख घनफूट गेलं, म्हणजे ०.८६ टीएमसी. भाटघरची क्षमता साधारण साडेतेवीस टीएमसी. वरून एक थेंबही आला नाही असं धरलं तर या वेगानं ते रिकामं व्हायला २७ दिवस लागतील.

हाच माणूस घरी येतो, '१०० एमबीची लाईन' घेतो आणि ७०० एमबीची फाईल सात सेकंदांत का उतरत नाही म्हणून वैतागतो. तिथे साठा आणि विसर्ग यांची गल्लत झालेली असते, आणि ती करायला आपल्याला सगळ्यांनी मिळून मदत केलेली असते. ही गल्लत आली कुठून हे शोधायला गेलं तर बराच जुना आणि मोठा मनोरंजक इतिहास हाती लागतो. आज तोच सांगायचाय.

आधी विसर्गवाल्यांकडे, म्हणजे तारा आणि टेलिफोनवाल्यांकडे जाऊ.

भोरजवळच्या हिरडस मावळातले बाजीप्रभू देशपांडे १६६० साली घोडखिंडीत लढत होते, तेव्हा त्यांचे कान विशाळगडाकडे लागले होते अशी कथा परंपरेनं सांगितली जाते. महाराज गडावर पोचले की तोफांचे बार होणार होते. आता या निरोपात माहिती किती? 'पोचले' किंवा 'अजून नाही', बस्स. दोन शक्यतांपैकी एक. आजच्या भाषेत याला एक बिट म्हणतात. निरोप किती मोलाचा आहे आणि त्यासाठी किती रक्त सांडलं आहे याच्याशी बिटाला देणंघेणं नसतं. तो फक्त 'हो की नाही' एवढंच मोजतो.

बिट हा शब्द छापून आला १९४८ साली, क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाच्या लेखात. (शब्द सुचला होता त्याचा सहकारी जॉन टुकी याला, आणि शॅननने तसं प्रामाणिकपणे नोंदवलंही आहे.) त्याच वर्षी इकडे पंतसचिवांचं भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होत होतं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

तारवाल्यांना बिटाच्या आधीपासून एकच काळजी होती. तार महाग, ती एका सेकंदात किती खुणा वाहून नेते? फ्रान्सच्या एमिल बोदोच्या नावावरून या खुणांच्या वेगाला बॉड म्हणू लागले. टेलेक्स यंत्र ५० बॉडवर चालायचं. एका अक्षराला सुरुवात आणि शेवटाच्या खुणा धरून साडेसात खुणा लागत, म्हणजे सेकंदाला पावणेसात अक्षरंसुद्धा पुरती नाहीत. पण त्या काळात तेवढी पुरत होती.

मग टेलिफोन आकडेमोडीत उतरला. ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनियरला १९३७ साली एक कल्पना सुचली. आवाजाची लाट जशीच्या तशी तारेवर पाठवण्याऐवजी ठरावीक वेळानं तिची उंची मोजायची आणि ते आकडे पाठवायचे. टेलिफोनवरचं बोलणं ४,००० हर्ट्‌झच्या आत बसतं. ते नीट पकडायला त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा मोजावं लागतं. प्रत्येक मोजणीला ८ बिट दिले की झाले ६४,०००. एका माणसाच्या बोलण्याची किंमत सेकंदाला ६४ हजार बिट! हा आकडा पुढे सगळ्या दूरसंचाराची वीट ठरला.

या विटा रचून भिंती झाल्या. अमेरिकेत १९६२ साली २४ विटांची टी-वन लाईन सुरू झाली, वेग १५ लाख ४४ हजार बिट. युरोपनं ३२ विटांची ई-वन केली, त्यातल्या ३० बोलण्याच्या आणि २ व्यवस्थेच्या. बत्तीस गुणिले चौसष्ट म्हणजे २,०४८ किलोबिट. भारतानं युरोपची पद्धत घेतली. एक्स्चेंजमधली मंडळी तिला सरळ 'दोन एमबीची लाईन' म्हणतात.

इथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच. या मंडळींचा किलो म्हणजे चोख १,०००. हर्ट्‌झ, मीटर, ग्रॅम मोजणाऱ्या शास्त्रातून ते आले होते, आणि तिथे किलो म्हणजे हजारच. दुसरं, ते बिट मोजत. कारण तारेवरून एका वेळी एक बिटच पळत होता.

आता साठ्यावाल्यांकडे.

कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना वेगळीच चिंता होती. माहिती ठेवायची कुठे आणि परत सापडायची कशी? एकेक बिट शोधत बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून बिटांचा एक गठ्ठा बांधला. १९५६ साली आयबीएमच्या वर्नर बुखोल्झनं त्याला बाइट हे नाव दिलं, आणि १९६४ च्या सिस्टीम-३६० या यंत्रानं आठ बिटांचा बाइट रूढ केला. स्मृतीतल्या प्रत्येक बाइटला पत्ता लागतो. पत्त्याच्या तारा वाढवल्या की प्रत्येक तारेगणिक घरं दुप्पट होतात. एका तारेत दोन घरं, दोनात चार, तीनात आठ... दहा तारांत १,०२४. हजाराच्या इतकं जवळ आल्यावर त्याला किलो म्हणायचा मोह कुणाला आवरणार? तर असा या मंडळींचा किलो १,०२४ चा झाला.

आता थोडंसं विषयांतर करतो. खरं म्हणजे ते विषयांतर नाहीच.

भोर-वेल्ह्याचा हा भाग भाताचा. भात आणि धान्य तोलायचं नाही, मापायचं, ही आपली जुनी रीत. पुण्याकडच्या आजी-आजोबांना पाठ असलेलं कोष्टक बघा. दोन नेळवी म्हणजे एक कोळवं. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं. दोन मापटी म्हणजे एक शेर. दोन शेर म्हणजे एक अडशिरी. दोन अडशिऱ्या म्हणजे एक पायली. सोळा पायल्या म्हणजे एक मण. वीस मण म्हणजे एक खंडी.

आता जरा गुणाकार करून बघा. शेरात नेळवी १६. पायलीत ६४. आणि मणात? सोळा गुणिले चौसष्ट, १,०२४!

म्हणजे ज्याला आपण कॉम्प्युटरचा विचित्र आकडा म्हणतो तो आपल्या कणगीत शतकानुशतकं पडून होता. कारणही बहुधा सारखंच आहे. भांड्यातलं धान्य दोन सारख्या वाट्यांत करणं डोळ्यांना जमतं, दहा सारखे वाटे करणं जमत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच. त्याच्या बटणाला चालू आणि बंद एवढंच कळतं, दहा पायऱ्या कळत नाहीत. अडचण एकसारखी असली की उत्तरंही सारखी निघतात.

पण कोष्टकाचा शेवट पाहिलात? मणापर्यंत सगळं दुपटीचं आणि एकदम 'वीस मण एक खंडी'. वीस ही बोटांची मोजणी, दुपटीची नव्हे. घरात दुपटीनं मापलेलं धान्य व्यापारात गेलं की बोटांवर मोजलं जायचं, आणि दोन पद्धतींचा सांधा एकाच कोष्टकात बसायचा.

अगदी अशीच खंडी फ्लॉपीवाल्यांनी बांधली. साडेतीन इंचाची ती चौकोनी चकती आठवत असेल. तिच्यावर लिहिलेलं असे '१.४४ एमबी'. दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात १८ कप्पे, प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार केला की येतात १४,७४,५६० बाइट. मेगा म्हणजे दहा लाख धरलं तर हे १.४७ होतं. मेगा म्हणजे १,०२४ गुणिले १,०२४ धरलं तर १.४१ होतं. मग १.४४ कुठून आलं? तर १,४४० गुणिले १,०२४. अर्धं बोटांचं, अर्धं दुपटीचं! या मेगाबाइटला जगातल्या कुठल्याच शास्त्रात जागा नाही, पण तो कोट्यवधी चकत्यांवर छापला गेला.

आणि ई-वनचा २,०४८ आठवा. आकडा दिसतो थेट दुपटीच्या कोष्टकातला, पण त्याला गुणायचं ते चोख १,००० नं. म्हणजे फ्लॉपीच्या बरोब्बर उलट. दोन्हीकडे आकड्याचा चेहरा एक आणि कुळ दुसरंच.

या दोन मंडळींची गाठ पडते ती मोडेमपाशी. तिथे रूपांतर करावंच लागतं. आपणही एकदा करून बघू.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा घरगुती डायल-अपचा वेग होता ९,६०० बिट. एक फ्लॉपीभर मजकूर पाठवायला किती वेळ? बाइटचे बिट केले की १,१७,९६,४८० होतात. त्याला ९,६०० नं भागलं की १,२२९ सेकंद, म्हणजे साडेवीस मिनिटं. पण साध्या असिंक्रोनस जोडणीत प्रत्येक बाइटला सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक बिट जोडावा लागतो. आठाचे दहा होतात आणि वेळ होतो २५ मिनिटं ३६ सेकंद. पोत्याचं वजन धान्यातून वजा करावं लागतं तसंच हे.

तीच फ्लॉपी ६४ किलोबिटच्या लाईनवर टाका. घाईतला माणूस १,४४० ला आठानं गुणतो, चौसष्टानं भागतो आणि सांगतो, बरोब्बर तीन मिनिटं. प्रत्यक्षात लागतात १८४ सेकंद आणि वर थोडे. चार सेकंद गेले कुठे? साठ्याचा किलो १,०२४ चा आणि तारेचा १,००० चा, त्या सांध्यात गेले. फरक २.४ टक्के. चार सेकंदांचं काय एवढं, असं वाटेल. पण मेगाला हाच फरक ४.९ टक्के होतो, गिगाला ७.४ आणि टेराला १०. माप जितकं मोठं, तितकी गळती मोठी. एक टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते ती याचमुळे. (शुद्ध योगायोग बघा, ८० तोळ्यांचा जुना वजनी शेर ९३३ ग्रॅम भरतो. नव्या किलोपुढे तोही असाच थोडा कमी पडायचा.)

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. केंद्र सरकारनं २००५ साली स्वान नावाची योजना मंजूर केली. राज्याची राजधानी, जिल्हा आणि तालुका सरकारी जाळ्यानं जोडायचे आणि तालुक्यापर्यंत किमान २ एमबीपीएस वेग द्यायचा. भोर आणि वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यांच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट होती. पण २ एमबीपीएस म्हणजे नक्की किती? ऐंशी मिनिटांच्या एका सीडीत ७३ कोटी ७२ लाख ८० हजार बाइट मावतात. ई-वनची अख्खी लाईन, एकही बिट वाया न घालवता, त्या एका सीडीला दिली तर वेळ लागतो बरोब्बर ४८ मिनिटं.

याच सीड्या पुण्याहून वेल्ह्याला जाणाऱ्या एसटीत ठेवल्या तर? प्रवास दोन तासांचा धरू. एका सीडीचा वेग पडतो सेकंदाला ८ लाख १९ हजार बिट. दोन सीड्या नेल्या तरी लाईनच पुढे. पण तीन सीड्या पिशवीत टाकल्या की आपल्या लाल डब्यानं दोन एमबीच्या लाईनला मागे टाकलं! अँड्र्यू टॅनेनबॉमच्या कॉम्प्युटर नेटवर्कवरच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात टेपांनी भरलेल्या मोटारीचा असाच हिशोब आहे. हसण्यावारी नेण्यासारखा तो नाही, कारण साठा आणि विसर्ग यांच्यातलं नातं त्यानं एका फटक्यात कळतं. अर्थात एसटीचं पहिलं अक्षर पोचायलाही दोन तास लागतात, हेही तितकंच खरं.

पुढे २०११ साली ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरनं जोडायची योजना आली, आज तिला भारतनेट म्हणतात. उद्दिष्ट होतं ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस. आता मूळ प्रश्नाकडे या. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. ७०० एमबीची फाईल एक मिनिट घेणार, सात सेकंद नाही. तेही लाईनवर दुसरं कुणीच नसेल तर. शाळा, दवाखाना, पंचायत सगळे एकदम बसले की विसर्गाचे पाट फुटणारच.

इथे आपल्या भाषेची एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. इंग्रजी लिपीत बिटासाठी छोटा बी आणि बाइटसाठी मोठा बी लिहायचा संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत! आपण दोन्हीला 'एमबी' लिहितो आणि बोलतोही तसंच. जो फरक इंग्रजीत निदान कागदावर तरी उरतो, तो मराठीत येता येताच पुसला जातो. फरक थोडाथोडका नाही, आठपटीचा आहे. जाहिरातीतल्या '१०० एमबी स्पीड'मध्ये खोटं काहीच नसतं. फक्त कोणता एमबी ते सांगितलेलं नसतं.

आणि हा खेळही जुनाच. मापी मण ६४ शेरांचा आणि वजनी मण ४० शेरांचा. शब्द तोच, मण. देताना एक पायली आणि घेताना दुसरी, ही सावकाराबद्दलची तक्रार तर किती पिढ्यांची! गावोगावची मापं वेगळी होती तेव्हा नुकसान नेहमी एकाच बाजूचं होई. ज्याच्या हातात माप नाही त्याचं. म्हणून वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला (हो, बाइटचं बारसं झालं त्याच वर्षी) आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम बाजारात आले. रूपांतराचा त्रास तेव्हाही झाला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले तेव्हा एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे येऊ लागले. पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस अशी तडजोड करावी लागली. चिडचिड झाली असेल, पण कोष्टक सगळ्यांसमोर होतं.

बिट-बाइटच्या बाबतीतही प्रयत्न झाला. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगानं १,०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली, म्हणजे किलो-मेगा-गिगा चोख हजाराचे राहावेत. नियम चांगला होता, पण रोजच्या बोलण्यात तो उतरला नाही. 'पाचशे गिबीबाइटची डिस्क द्या' असं दुकानात कुणी म्हटल्याचं ऐकलंय का तुम्ही? आयोगाच्या हातात दुकान नव्हतं. आपल्या १९५६ च्या कायद्यामागे मापं तपासणारा निरीक्षक होता, तराजूवर शिक्का होता. किबी-मेबीमागे कुणीच नाही.

तेव्हा सरकारनं किंवा कंपन्यांनी काय करावं हे सांगायला मी बसलेलो नाही. मला इतकंच वाटतं की भोर-वेल्ह्याच्या माणसाला हे अवघड जाऊ नये. त्याला साठा आणि विसर्ग जन्मापासून माहीत आहेत. एक मण म्हणजे मापी की वजनी, हे त्याच्या आजोबांनी सौदा करण्याआधी विचारलेलं असणार. ग्रामपंचायतीत लाईन बसवायला कुणी आलं आणि म्हणालं, 'शंभर एमबी देतोय', तर त्यालाही फक्त तोच जुना प्रश्न विचारायचा आहे.

कोणत्या मापानं?